काटा शून्यावर होता

प्वेब्लो, कोलोरॅडो
९ मार्च १९५६

मॅनी फर्टाडो,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही. हात वळला नाही, आणि उगाच खोटं कशाला लिहू.

सहा वर्षं तुझी एक ओळ नाही. ओपल झाली तेव्हा नाही, ख्रिसमसला नाही. आणि आता एकदम न्यूयॉर्कच्या वकिलाचं जाडजूड पाकीट. मला आधी वाटलं, तू मेलास आणि आमच्या नावावर काही ठेवून गेलास. उघडलं तर आत दोन कागद, एक क्लेटनसाठी आणि एक माझ्यासाठी. 'सदर कादंबरीतील पात्राशी माझे साम्य आढळल्यास मी कोणताही दावा करणार नाही.' म्हणजे तू आमच्यावर पुस्तक लिहिलंस, ते छापायला कुणीतरी तयार झालं, आणि आता त्या लोकांना धास्ती की प्वेब्लोची हॅस्कल मंडळी कोर्टात उभी राहतील.

क्लेटनने तिथल्या तिथे सही ठोकली. नुकताच कामावरून आला होता. टायर रिमोल्डच्या दुकानात असतो तो हल्ली, जुन्या टायरला नवी नक्षी चढवतात ना, तिथे. हात रबराने काळे. कागदाच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा उमटलाय, नीट बघ, तुला आवडेल. एक अक्षर वाचलं नाही त्याने. 'मॅनीने लिहिलंय,' एवढंच म्हणाला आणि शिटी वाजवत घरभर फिरत राहिला. त्या माणसाची शिटी मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. माझ्यासाठी तर कधीच वाजली नाही.

माझी सही मिळणार नाही. आधी पानं पाठव. मी काय आहे तुझ्या पुस्तकात ते मला बघू दे, मग ठरवेन.

व्हर्ना हॅस्कल

ता.क. या पत्राचं क्लेटनला सांगू नकोस. पानं मी काम करते त्या जेवणघराच्या पत्त्यावर पाठव, खाली लिहिलाय. घरची टपालपेटी तोच उघडतो. रोज उघडतो. कुणाच्या पत्राची वाट बघतो ते मी तुला सांगायला नको.


२२ एप्रिल १९५६

मॅनी,

पानं मिळाली. दुपारची गर्दी ओसरली की मागच्या खोलीत बटाट्याच्या पोत्यावर बसून वाचत होते. पोलादाच्या कारखान्यातली मंडळी पुढे 'व्हर्ना, कॉफी' म्हणून ओरडताहेत आणि मी तुझ्यापायी बहिरी झालेय.

छान लिहितोस. हे आधी सांगून टाकते, नंतर सांगायची इच्छा राहणार नाही.

आता ती लर्लीन. मी म्हणे लर्लीन. सतत च्युइंगगम चघळते, मागच्या सीटवर बसून रडते, आणि तिला भुवया नाहीत. मला भुवया आहेत, मॅनी. तेव्हाही होत्या. आणि सगळ्या पुस्तकात ती तोंडातून काय काढते? 'मला भूक लागलीय.' दोनदा. एवढ्यासाठी मी दावा लावणार नाही, घाबरू नकोस. भूक लागली होती हे खरंच आहे. ओपल पोटात होती, आणि तुम्ही दोघं हवेवर जगत होतात.

खरा जीव जळला तो तुझा कोल वाचून. हा कोल म्हणजे क्लेटन? तो बोलायला लागला की पेट्रोल पंपावरची माणसं नळी हातात धरून ऐकत राहतात. तो टोमॅटो खातो तर तू दीड पान लिहितोस. त्याची मान, त्याचं मनगट, त्याचं हसणं, सगळं सगळं लिहिलंयस. वाचता वाचता मी मान वर करून स्वतःलाच विचारलं, व्हर्ना, हा माणूस तुला कुठे भेटला होता का गं? मला मिळालाय तो 'मीठ दे' म्हणतो. फार झालं तर 'मीठ दे ना' म्हणतो. जेवून उठतो, रेडिओ लावतो, खुर्चीत झोपतो. तुझ्या वाट्याला त्याची बडबड आली, माझ्या वाट्याला त्याचे मोजे. मग मला तुझा हेवा का वाटू नये ते तूच सांग.

आणि आता नेवाडा. तुझं ते मोठं प्रकरण, वाळवंटातला सरळ रस्ता, कोल एका हाताने स्टिअरिंग धरून पॅकार्ड ताशी शंभर मैलांच्या वेगाने हाणतोय. शंभर. प्रत्येक पानावर शंभर. कुठे वाचलास रे तो आकडा?

गाडी कुणाची होती ते तरी आठवतं का? सॅक्रामेंटोच्या त्या दंतवैद्याच्या विधवेची. आपण ती पोचवायला घेतली होती, पोचवणाऱ्याला सरळ रस्त्याच्या मैलांपुरतंच पेट्रोल मिळायचं. आणि तुला तर वाकडी वाट करून दुरँगोच्या तुझ्या चित्रकार मित्राला भेटायचं होतं. मग जास्तीचे मैल दिसू नयेत म्हणून क्लेटनने डॅशबोर्डखाली हात घालून मीटरची तार ओढून काढली. अशा गाड्या नेणारे सगळेच काढायचे. तार काढली की मैल थांबतात, आणि वेगाचा काटाही मरतो. दुरँगोपासून सॅक्रामेंटोपर्यंत तो काटा शून्यावर होता. शून्यावर, मॅनी.

आणि त्या दिवशी स्टिअरिंगवर कोण होतं, तेही लिही जरा. मला ते तुझ्या हातचं हवंय.

व्हर्ना


१७ जून १९५६

मॅनी,

एवढ्या मोठ्या पत्राला उत्तर म्हणून पोस्टकार्ड. त्यावर बोटीचं चित्र. वा.

'कादंबरी आहे व्हर्ना, पंचनामा नाही. तो दिवस आठवायला बसलो की मला गाडीत एकटा क्लेटनच दिसतो.' हे तू मला लिहितोस. त्याच्या बायकोला. आमच्या जेवणघराच्या मालकीणबाईंनी कार्ड माझ्याआधी वाचलं आणि विचारलं, हा क्लेटनचा कोण गं? मी म्हटलं, माझी सवत. हसून हसून तिच्या हातातली बशी पडली. मी काही विनोद केला नव्हता.

तुला दिसत नसेल तर मीच सांगते काय झालं.

नेवाडातलं युरेका गाव सोडलं तेव्हा सकाळ होती. क्लेटन गाडी चालवत होता आणि तू मागे बसून त्याला विचारत होतास, पुढे काय झालं, मग पुढे काय झालं. त्याला बोलायला दोन्ही हात लागतात. गाडी नालीकडे जायला लागली, तेव्हा मी ओरडले. तर त्याने गाडी कडेला घेतली आणि मला म्हणाला, 'तू घे जरा, व्हर्ना. मला मॅनीला हे नीट सांगायचंय.' मी घेतली. फॅलनपर्यंत मीच चालवली. पोट स्टिअरिंगला टेकत होतं म्हणून सीट मागे सरकवली, तर पाय पोचेनात. मग कमरेमागे तुझा कोट कोंबला. तुझा कोट आठवत असेल, त्याच्यावर तू एक आख्खं पान लिहिलंयस.

क्लेटन पुढच्या सीटवर गुडघे टेकून, रस्त्याकडे पाठ करून तुझ्याकडे तोंड करून बसला होता. मधूनच मान वळवून मेलेल्या काट्याकडे बघायचा आणि ओरडायचा, 'शंभर!' आणि तू हसायचास. आपण कसले शंभर, गवताच्या पेंढ्या लादलेला एक ट्रक आपल्याला मागे टाकून पुढे गेला. ड्रायव्हरने मला हात केला, मीही केला. गाडी दुसऱ्याची, पोटात पोर, मी कशाला हाणू? तुम्हाला दोघांना तो ट्रक दिसलासुद्धा नाही.

आणि तो तुला काय सांगत होता? त्याच्या भावाचं. कारखान्यात जळून गेला तो भाऊ. त्याची टोपी आणायला क्लेटनला आत पाठवलं होतं, आणि तो टोपी घेऊन घरी न जाता दिवसभर रुळांवर बसून राहिला, हे सगळं त्याने तुला सांगितलं. आमचं लग्न होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मला त्याने एवढंच सांगितलं होतं की भाऊ वारला. मला ते रस्त्याकडे बघता बघता ऐकावं लागलं, शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीतून ऐकू येतं ना, तसं. मी रडले हे खरं आहे. मागच्या सीटवर नाही रडले, स्टिअरिंगवर रडले. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता. आणि पुस्तकात काय आलं, तर लर्लीन भुकेने रडते.

माझी अट एकच. एक ओळ घाल. 'गाडी ती चालवत होती.' नाव लर्लीनच ठेव, भुवया देऊ नकोस, काही म्हणणार नाही. ती ओळ आली की सही पाठवते.

व्हर्ना


३ सप्टेंबर १९५६

मॅनी,

सोबत सही केलेला कागद आहे.

तुझ्या वकिलाने घरी स्मरणपत्र धाडलं आणि ते क्लेटनच्या हाती पडलं. मिसेस हॅस्कल यांच्या सहीअभावी काम अडले आहे. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तर जेवणानंतर उठून त्याने भांडी घासली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. ओपलच्या फाटक्या बुटाला सोल चिकटवला. मग माझ्यासमोर बसला.

'माझ्याबद्दल पुन्हा कुणी काही लिहिणार नाही, व्हर्ना,' म्हणाला.

भांडला असता तर मी जन्मात सही केली नसती. हे तुझ्यासाठी नाही हे ध्यानात ठेव. आणि माझी ओळ तू घातली नाहीस हे मला माहीत आहे. तू घालणारही नाहीस.

व्हर्ना


२० ऑक्टोबर १९५७

मॅनी,

झालं तुझ्या मनासारखं. पुस्तक आमच्या गावातल्या औषधाच्या दुकानातही लागलंय, खोकल्याच्या बाटल्यांशेजारी.

तू क्लेटनला प्रत पाठवलीस, मला नाही. पहिल्या पानावर 'कोलला' असं लिहून. क्लेटनला नाही, कोलला. त्याने ती न्यूजपेपरच्या कागदाचं वेष्टन घालून ठेवलीय आणि दुकानात डब्याबरोबर नेतो. दुपारी टायरच्या ढिगावर बसून वाचतो म्हणे. त्याचा सोबती बेनी सांगत होता, ओठ हलवून वाचतो आणि मधेच पाठ करतो.

आता तो बोलायला लागलाय, मॅनी. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं. पण बोलतो ते सगळं पुस्तकातलं. परवा टोमॅटो चिरून ठेवले तर एक हातात घेऊन तुझंच वाक्य म्हणाला, जसंच्या तसं. माझ्या टोमॅटोवर तुझं वाक्य. ओपल म्हणाली, 'बाबा, आता खा ना.' ती सात वर्षांची पोर माझ्या घरातलं एकमेव शहाणं माणूस आहे.

आणि ही पोरं. बोल्डरच्या कॉलेजातली, दर शनिवारी यायला लागलीत. कुणीतरी त्यांना सांगितलं की खरा कोल प्वेब्लोत आहे. पायरीवर बसतात, बिअर पितात, त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. त्यांतला प्रेस्टन म्हणून एक आहे, दाढी राखायचा प्रयत्न चाललाय, बापाची नवी ओल्ड्समोबिल घेऊन येतो. पहिल्या दिवशी दार उघडलं तर मला म्हणतो कसा, 'तुम्ही लर्लीन ना?' मी दार लावून घेतलं. क्लेटनने जाऊन पुन्हा उघडलं.

ती पोरं त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात ती मला ओळखीची आहे. मागच्या सीटवर तू तसाच बघायचास. आणि तो त्यांच्यासमोर जसा होतो तसा माझ्यासमोर कधी होत नाही. मी खिडकीतून बघते. स्वतःच्या नवऱ्याला स्वतःच्याच खिडकीतून चोरून बघायची वेळ आली माझ्यावर. त्याचे हात हलतात, मान मागे टाकून हसतो, आणि हो, देखणा दिसतो, मेला. तू लिहिलंयस तस्साच. म्हणजे तू खोटं लिहिलं नव्हतंस, हे मला जास्त लागलं.

आता त्यांचं असं चाललंय की त्याच रस्त्याने नेवाडा ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला यायचं, तुला भेटायला, आणि त्या सरळ रस्त्यावर कोलने गाडी शंभरवर न्यायची. प्रेस्टनच्या गाडीचा काटा जिवंत आहे, मॅनी. क्लेटनचं वय छत्तीस. गेल्या हिवाळ्यात पाठीत चमक भरली तेव्हापासून तो दुकानाचा छोटा ट्रकसुद्धा जपून चालवतो. हा माझ्या हातून जाईल की जिवानिशी जाईल, मला कळेनासं झालंय.

मी त्याला सांगून बघितलं, जाऊ नकोस. तो म्हणाला, 'तुझ्या पोटात दुखतं, व्हर्ना. पहिल्यापासून दुखतं.' खरंच आहे, दुखतं. म्हणून काय मी चूक ठरते?

तू त्याला लिही. तुझं तो ऐकेल. येऊ नको म्हण, किंवा तो काटा मेला होता एवढं तरी लिही. मी सांगितलं तर ते बायकोचं जळणं, तू सांगितलंस तर खरं. हात जोडते. तुझ्यासमोर हात जोडायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

व्हर्ना


११ नोव्हेंबर १९५७

मॅनी,

तो गेला. तू लिहिलं नाहीस.

सकाळी गाडी आली, तीन पोरं. त्याने दुकानात काही सांगितलेलं नाही, मीच बेनीला सांगून आले की ताप आहे. पिशवी मी भरली. भांडले आणि भरली. लोकरीचे मोजे, पाठीचं मलम, बीफचे सँडविच. त्याने मलम काढून टेबलावर ठेवलं. पोरांसमोर मलम कसं न्यायचं, नाही का? कोलला कुठे पाठ असते.

जाताना ओपलला उचलून गोल फिरवलं. मला म्हणाला, 'येतो गं.' केव्हा ते सांगितलं नाही. पुढच्या सीटवर बसला आणि लगेच मागे वळला, गुडघे टेकून. ते बघितलं आणि मी घरात आले. गाडी निघायची वाट बघितली नाही.

तुझ्याकडे पोचला तर रिकाम्या पोटी दारू देऊ नकोस, पित्त होतं त्याला. अंडी पूर्ण शिजलेली लागतात, पिवळं पातळ राहिलं तर खात नाही. हे तुझ्या पुस्तकात कुठे आलेलं नाही, म्हणजे तुला माहीत नसावं. मला माहीत आहे. एवढंच काय ते माझं.

आणि त्याला ठेवून घ्यायचं तुझ्या मनात असेल, तर मला तसं लिही. वकिलाकरवी नको, स्वतः लिही.

व्हर्ना


२४ नोव्हेंबर १९५७

प्रिय मॅनी,

हो, लिहिलं. पुढे वाच.

तो तुझ्याकडे पोचला नाही हे एव्हाना कळलं असेल. बुधवारी परत आला. ग्रँड जंक्शनपर्यंत मेंढ्यांच्या ट्रकमधून आणि पुढे बसने. अंगाला मेंढ्यांचा वास. मी पाणी तापवलं, कपडे अंगणात टाकले, तीन अंडी शिजवली, पूर्ण. खाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी पाठीला मलम लावताना तोंड खाली करून बोलायला लागला. तोंड दिसत नसलं की त्याला बोलता येतं, हे मला एवढ्या वर्षांत ठाऊकच नव्हतं.

युरेकाच्या पुढे प्रेस्टनने त्याला स्टिअरिंग दिलं. रस्ता तोच, सरळ. पोरं मागे बसून तुझं पुस्तक मोठ्याने वाचत होती. काटा समोर हलत होता. साठच्या पुढे गेला तसे त्याचे हात कापायला लागले. सत्तरला कापरं खांद्यापर्यंत चढलं. पोरं ओरडताहेत, शंभर, कोल, शंभर. त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि उतरून उभा राहिला. आधी पोरांना वाटलं, थट्टा करतोय. मग प्रेस्टन म्हणाला, 'आजोबा, तुम्ही मागे बसा.' क्लेटन मागे बसला नाही. पिशवी काढून घेतली आणि उलट्या दिशेने चालायला लागला. पोरं पुढे गेली, थांबलीसुद्धा नाहीत. मला त्या पोराच्या दाढीचा एक एक केस उपटावासा वाटतोय.

आता तुझं पत्र. ते काल आलं, जेवणघरावर. चार पानं, तुझ्या हातची. पोरं त्याच्याशिवाय तुझ्या दारात उभी राहिली आणि हसत हसत त्यांनी तुला ती हकीकत सांगितली, म्हणून तुला झोप नाही. माझी सगळी पत्रं पुन्हा वाचलीस म्हणतोस. माझं सगळं खरं होतं म्हणतोस. पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण दुरुस्त करतो, गाडी लर्लीन चालवत असेल, काटा मेलेला असेल, ट्रकसुद्धा घालतो. 'तुझी ओळ तुला देतो, व्हर्ना.' मी ते वाक्य वाचून बटाट्याच्या पोत्यावर बसून रडले. कधीपासून मागत होते मी ते.

पत्र ॲप्रनच्या खिशात घेऊन घरी आले. आज रविवार. ओपल चर्चमध्ये गाणं शिकायला गेली होती. मी टेबलावर घेवड्याचे दाणे निवडत होते. क्लेटन समोर येऊन बसला आणि एक एक खडा मला काढून द्यायला लागला. स्वतःच्या हातांकडे बघत होता.

'व्हर्ना,' म्हणाला, 'तू होतीस तिथे. म्हणून तुला विचारतो. तार मी काढली होती, मला आठवतं. पण मधे कुठेतरी परत लावली होती का?'

'का?'

'तेव्हा खरंच शंभर होते का?'

खरं सांगते मॅनी, सगळं जिभेवर आलं होतं. तो ट्रक, तुझा कोट, माझे न पोचणारे पाय. तुझं पत्रही खिशात होतं, साक्षीला. बाहेर काढून समोर ठेवलं असतं की संपलं. तो कोल तिथेच मेला असता, परत कुणी पोर दारात आलं नसतं, टपालपेटी कुणी रोज उघडली नसती. नवरा आख्खा माझा झाला असता, पाठीसकट, मोज्यांसकट. आठ वर्षं मला दुसरं काय हवं होतं?

मी त्याच्याकडे बघितलं. तो खडा हातात धरून थांबला होता. माझ्याकडे असं त्याने आजपर्यंत कधी बघितलं नव्हतं, मागच्या सीटवरून तू त्याच्याकडे बघायचास तसं. मग पुढे काय झालं, असं.

'शंभर होते,' मी म्हटलं. 'जास्तच असतील. तार तू वाटेतल्या ऑस्टिन गावात परत लावली होतीस.'

'आणि गाडी मीच चालवत होतो ना?'

'मग कोण? मी तर मागे डोळे मिटून रडत बसले होते.'

तो उठला, मागच्या दारात गेला, मेंढ्यांच्या वासाचे ते कपडे त्याने धुवायला घेतले. आणि शिटी ऐकू आली. तुझं नाव घरात कुणी काढलेलं नव्हतं, पुस्तक कपाटावर होतं, आणि शिटी वाजत होती.

तेव्हा नको. दुरुस्ती करू नकोस. ते प्रकरण आहे तसं राहू दे. लर्लीनला मागेच बसव, रडू दे तिला, भुवयाही नकोत. तू एक अक्षर बदललंस तर मी खरोखर कोर्टात जाईन, आणि तुझा वकील मला ओळखतो.

तुझा हेवा वाटायचा गेलाय असं समजू नकोस. वाटतो, आणि वाटत राहील. त्या दिवशी भावाची गोष्ट त्याने तुलाच सांगितली, ते काही आता परत मिळत नाही. पण विचारायचं होतं तेव्हा तो सॅन फ्रान्सिस्कोला पोचला नाही. अर्ध्या वाटेतून मागे फिरला आणि मला येऊन विचारलं.

तुझी,
व्हर्ना

ता.क. तो गवताचा ट्रक आता जगात फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. तोंड मिटून ठेव.